दहा सेकंद पुढे

काही आठवड्यांपूर्वी एका रात्री मी एक थरारपट पाहिला. खिडक्या नसलेल्या एका इमारतीत डांबून ठेवलेली माणसे, त्यांच्या सदऱ्यांवर शिवलेले आकडे, प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरा, आणि दर काही तासांनी ध्वनिक्षेपकातून पुढचा टास्क समजावून सांगणारा एका बाईचा शांत, जवळजवळ मायाळू आवाज. फेरीत जो हरतो तो मरतो, जो तरतो तो पुढच्या फेरीला उभा राहतो, आणि हे सारे लक्षावधी लोक आपापल्या पडद्यांवर थेट पाहत असतात. ही चौकट आता इतकी रुळली आहे की ज्याने असे दोन-तीन चित्रपट पाहिले असतील त्याला पुढचे वळण आधीच कळते. मलाही कळत होते, आणि तरीही मी जागी होते.

साधारण तासाभराने दोन फेऱ्यांच्या मधला एक प्रसंग आला. सात क्रमांकाचा म्हातारा भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या शेजारी एकोणीस क्रमांकाची तरुण मुलगी होती. दोघे हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी काही क्षण पाहिले, इथे आता काही घडणार नाही असा अंदाज बांधला आणि चित्रपट दहा सेकंद पुढे नेणारे बटण अंगठ्याने दाबले. मग पुन्हा दाबले, आणि पुढच्या फेरीचा भोंगा ऐकू येईपर्यंत दाबत राहिले. त्या फेरीत म्हातारा मेला. मुलगी वाचली. त्याला ओढून नेल्यावर ती भिंतीपाशी गेली, उजवा तळहात भिंतीवर टेकवून बराच वेळ उभी राहिली, आणि मग तो हात स्वतःच्याच गालावर ठेवून तिने डोळे मिटून घेतले. ती असे का करते आहे ते मला समजले नाही. अभिनेत्रीची एखादी लकब असेल असे समजून मी उरलेला चित्रपट पाहिला आणि झोपले. दुसऱ्या दिवशी मात्र तो तळहात डोळ्यांसमोरून हलेना. माझ्याकडून काहीतरी निसटले होते, आणि ते कुठे निसटले हे मला पक्के ठाऊक होते.

अशा चित्रपटांविषयी बोलताना बहुतेक वेळा रक्तपाताविषयी बोलले जाते. तो किती दाखवावा, कोणी पाहावा, त्याने मनावर काय परिणाम होतो, हे प्रश्न खोटे नाहीत. पण या चित्रपटांचा गाभा मला आखाड्यात कधीच सापडला नाही. तो सापडतो कंट्रोल रूममध्ये. या जातीच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात ती खोली असते: अंधार, समोर भिंतभर लहान मॉनिटर, मधोमध एक मोठा, ज्यावरचे चित्र त्या क्षणी प्रेक्षकांकडे जात असते, चित्रे बदलणाऱ्या मिक्सरच्या बटणांवर हात ठेवून बसलेला तंत्रज्ञ आणि त्याच्या मागे उभा राहून कॅमेऱ्यांचे आकडे पुकारणारा दिग्दर्शक. या खोलीत कोणी कोणाचा द्वेष करत नाही. डांबलेल्या माणसांवर तिथल्या कोणाचाही राग नसतो, उलट एखाद्या स्पर्धकावर सगळ्यांचा जीवही जडलेला असतो. तिथे भीती एकाच गोष्टीची असते. पडद्यावर काहीच घडत नाही, अशी वेळ येण्याची.

ही भीती कल्पित नाही, आणि ती फक्त खुनी खेळांपुरती नाही. १६ सप्टेंबर १९९९ रोजी नेदरलँड्समध्ये 'बिग ब्रदर' सुरू झाले आणि घरात कोंडलेल्या माणसांवर रात्रंदिवस कॅमेरे लावण्याचा प्रकार जगभर पसरला. अशा घरातला बहुतेक वेळ माणसे आळसावून बसण्यात, झोपण्यात, तेच ते बोलण्यात जात असणार, कारण कोंडलेली माणसे दुसरे करणार काय? दिवसभराच्या फुटेजमधून एका भागापुरती मिनिटे उरतात, आणि ती जिथे आवाज चढला, डोळे भरले, दार आपटले तिथून उचललेली असतात. एडिटच्या टेबलावर एका वाक्यातला शब्द दुसऱ्या वाक्याला जोडून भलतेच बोलणे तयार करता येते, हे या व्यवसायातल्या अनेकांनी उघडपणे सांगितले आहे. माणूस कोंडलेला असतोच. त्याचे न घडणारे तास कापून टाकले की तो दुसऱ्यांदा कोंडला जातो. त्या दुसऱ्या कोंडीतून बाहेर पडायला दार नसते, कारण बाहेरचे जग त्याला त्या कापलेल्या मिनिटांवरूनच ओळखत असते.

या कल्पनेचे पडद्यावरचे एक जुने आणि माझ्या मते आजही सर्वांत अस्वस्थ करणारे रूप पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर १८ ऑक्टोबर १९७० रोजी दाखवले गेले. त्याचे नाव 'दास मिलिओनेनश्पील', म्हणजे दहा लाखांचा खेळ. रॉबर्ट शेक्ली या अमेरिकन लेखकाच्या १९५८ च्या कथेवरून वोल्फगांग मेंगे यांनी ते लिहिले होते आणि टॉम टोएले यांनी दिग्दर्शित केले होते. एक माणूस सात दिवस पळतो, भाडोत्री मारेकऱ्यांची टोळी त्याच्या मागे असते, आणि तो जिवंत राहिला तर त्याला दहा लाख मार्क मिळणार असतात. हे सगळे एका रंगीत करमणुकीच्या कार्यक्रमासारखे मांडले होते: मध्ये गाणी, नाच, खोट्या जाहिराती, आणि सूत्रसंचालक म्हणून डीटर टोमास हेक, जे प्रत्यक्षातही गाण्यांच्या लोकप्रिय कार्यक्रमाचे सूत्रसंचालक होते. प्रसारणाच्या वेळी अनेक प्रेक्षकांना ते खरे वाटले. वाहिनीकडे संतापलेले फोन आले, हे समजण्यासारखे आहे. पण पुढच्या वेळी आपल्याला भाग घेता येईल का, असे विचारणारे लोकही होते, आणि त्यांतल्या काहींना पळणाऱ्याची नव्हे, तर मारेकऱ्याची जागा हवी होती. हक्कांच्या वादामुळे हा चित्रपट नंतर सुमारे तीन दशके दाखवला गेला नाही.

खरा सूत्रसंचालक घेण्याची युक्ती १९८७ च्या 'द रनिंग मॅन' या अमेरिकन चित्रपटातही दिसते. तिथे रिचर्ड डॉसन हे अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध कौटुंबिक प्रश्नमंजुषेचे सूत्रसंचालक जीवघेण्या कार्यक्रमाचा सूत्रधार झाले आहेत. मला ही निवड अचूक वाटते. ज्या आवाजाने वर्षानुवर्षे आपले स्वागत केले, तोच आवाज आता माणसाला मरायला पाठवतो आणि त्याच्या स्वरात किंचितही बदल होत नाही. मी पाहिलेल्या चित्रपटातल्या त्या मायाळू आवाजाची भीतीही तीच होती. तो कधी ओरडत नाही. तो फक्त सांगतो की आता पुढे जायचे आहे.

फ्रान्समध्ये मार्च २०१० मध्ये दाखवल्या गेलेल्या एका माहितीपटात हाच आवाज प्रयोगासाठी वापरला होता. ८० स्पर्धकांना एका नव्या गेम शोची चाचणी म्हणून बोलावले गेले आणि समोरच्या माणसाचे उत्तर चुकले की त्याला विजेचा वाढता झटका देण्यास सांगितले गेले. झटके खोटे होते आणि तो माणूस नट होता, पण हे स्पर्धकांना ठाऊक नव्हते. ४६० व्होल्टच्या शेवटच्या खटक्यापर्यंत ६४ जण गेले. कोणी त्यांना धमकावले नव्हते. समोर प्रेक्षक बसले होते आणि एक सूत्रसंचालिका शांतपणे पुढे चला म्हणत होती.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चित्रपटातली माणसे पळवून आणलेली असतात. खऱ्या रिॲलिटी शोमधले स्पर्धक स्वतः सही करून येतात, मग दोन्हींची तुलना कशी करायची? २०२१ च्या 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेने या प्रश्नाला हात घातला आहे. तिथे ४५६ कर्जबाजारी माणसांतली पहिल्या संहारातून वाचलेली माणसे मतदान करून खेळ थांबवतात, आपापल्या घरी जातात, आणि घरची परिस्थिती पाहून त्यांतली बहुतेक पुन्हा त्या जीवघेण्या जागी परततात. त्यांच्या पायात बेडी नसते, पण जायला दुसरी वाटही नसते. दोनच वर्षांनी त्याच मालिकेवरून, तेवढेच ४५६ खरे स्पर्धक घेऊन, मरण तेवढे वगळून एक खरा स्पर्धात्मक कार्यक्रम काढला गेला. त्याची जाहिरात पाहताना माझा जीव खट्टू झाला, आणि त्याविषयी याहून अधिक लिहावेसे वाटत नाही.

संमती म्हणजे काय, याचे उत्तर मला कुठल्याही कल्पित कथेपेक्षा जपानमधल्या एका घटनेत अधिक सापडते. जानेवारी १९९८ मध्ये नासुबी, म्हणजे वांगे, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका होतकरू विनोदी नटाला एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी सोडत काढून निवडले गेले. त्याला एका लहानशा खोलीत नेऊन अंगावरचे सर्व कपडे काढायला लावले. खोलीत मासिकांचे गठ्ठे होते आणि पोस्टकार्डे होती. मासिकांतल्या बक्षिसांच्या स्पर्धांना पत्रे पाठवायची, जे बक्षीस येईल त्यावर जगायचे, आणि बक्षिसांची एकूण किंमत दहा लाख येन झाली की बाहेर यायचे, असा नियम होता. तो दिवसचे दिवस पोस्टकार्डे लिहीत बसे. खायला जे येईल ते खाई. काही आठवडे त्याने कुत्र्यांसाठीच्या अन्नावर काढले. आपले चित्रीकरण होते आहे हे त्याला माहीत होते, पण ते दर आठवड्याला देशभर दाखवले जाते आहे आणि कोट्यवधी लोक त्याला हसत आहेत, हे माहीत नव्हते. दहा लाखांचा आकडा गाठायला त्याला ३३५ दिवस लागले. त्यानंतर त्याला दक्षिण कोरियात नेले आणि परतीच्या भाड्याएवढी बक्षिसे जिंकेपर्यंत तसेच पुन्हा खोलीत बसवले. शेवटी त्याला आणखी एका खोलीत सोडले गेले. सवयीने त्याने आपले कपडे उतरवले, आणि मग त्या खोलीच्या चारही भिंती कोसळून बाहेरच्या बाजूला पडल्या, तेव्हा तो प्रेक्षकांनी भरलेल्या स्टुडिओत उघडा बसलेला होता.

त्या खोलीच्या दाराला कुलूप नव्हते. हे वाक्य मी अनेकदा मनात घोळवले आहे. दार उघडे असताना माणूस वर्षभर बसून राहतो, कारण उठून जाण्यासाठी जी ताकद लागते तीच त्या खोलीने आधी काढून घेतलेली असते. आणि दुसरी गोष्ट याहूनही जिवाला लागते. त्या खोलीत बहुतेक वेळ काहीच घडत नव्हते. एक माणूस पत्रे लिहीत होता. म्हणून दाखवताना त्यावर हास्याचे आवाज घातले गेले, अक्षरे नाचवली गेली, त्याच्या उघड्या अंगावर वांग्याचे चित्र फिरत ठेवले गेले. त्याचा एकांत जसा होता तसा कोणालाही दाखवला गेला नाही. बाहेर आल्यानंतर लोकांशी साधे बोलणेही त्याला बरेच दिवस जड गेले. पुढे २०१६ मध्ये, भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या आपल्या फुकुशिमाच्या लोकांसाठी, त्याने एव्हरेस्ट सर केले. हे वाचले तेव्हा मला झालेल्या आनंदाचे कारण मी शब्दांत नीट सांगू शकत नाही.

ज्या वाक्याने माझ्या अंगठ्याची गोष्ट मला स्वतःला उलगडून सांगितली ते मात्र फार जुने आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या एका पत्रात दुपारच्या खेळांविषयी लिहिले आहे. सकाळी माणसे श्वापदांसमोर टाकली जात. दुपारी प्रेक्षक कमी असताना शिक्षा झालेल्या कैद्यांना कोणत्याही चिलखताशिवाय एकमेकांना मारायला लावत, आणि जो जिंके त्याला पुढच्या मारेकऱ्यासाठी राखून ठेवत. थोडा विसावा, थोडा विनोद पाहायला मिळेल या अपेक्षेने सेनेका तिथे गेला होता. तो सांगतो की सकाळी माणसे सिंहांच्या आणि अस्वलांच्या पुढ्यात टाकतात आणि दुपारी प्रेक्षकांच्या. त्याच पत्रात, खेळात मध्यंतर झाले तेव्हाचा एक उद्गार आहे: तोवर काही माणसांचे गळे चिरा, म्हणजे काहीच चाललेले नाही असे व्हायला नको. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वाळूत कॅमेरा नव्हता, मिक्सर नव्हता, कंट्रोल रूम नव्हती, पण तिच्यातले मुख्य वाक्य तेव्हाच उच्चारले गेलेले होते. काहीच चाललेले नाही असे व्हायला नको. मी दहा-दहा सेकंदांनी पुढे सरकत होते तेव्हा याहून वेगळे काय म्हणत होते, ते मला सांगता येत नाही.

त्याच रोममध्ये ज्यांनी खेळच नाकारला अशीही माणसे होती. इसवी सन ३९३ च्या सुमारास सिमाकस या उमरावाने आपल्या मुलाच्या सन्मानार्थ भरवलेल्या खेळांसाठी पकडलेले सॅक्सन कैदी आणवले होते. खेळ सुरू होण्यापूर्वीच त्यांतल्या २९ जणांनी पहारा असताना, दोर नसताना, आपल्या हातांनी आपले प्राण संपवले. हे आपल्याला ठाऊक आहे ते सिमाकसने पत्रात केलेल्या तक्रारीमुळे; त्याच्या लेखी तो खर्च वाया गेलेला होता. त्या २९ जणांतल्या एकाचेही नाव उरलेले नाही. त्या रात्री ते एकमेकांशी काय बोलले असतील, कोणी आधी कोणाचा हात धरला असेल, हे पाहायला तिथे कोणीही प्रेक्षक नव्हता. अशा मृत्यूचे कौतुक करण्याचे धाडस माझ्यात नाही. पण मरण आधीच ठरलेले असताना त्यांनी एक गोष्ट दुसऱ्यांच्या हाती जाऊ दिली नाही: ते पाहण्याची.

पाहणाऱ्याचे काय होते, ते ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांनी लिहून ठेवले आहे. त्यांचा मित्र अलिपियस याला हे खेळ अजिबात आवडत नसत. सोबत्यांनी त्याला ओढून नेले तेव्हा, शरीर तिथे न्याल पण डोळे आणि मन नेऊ शकणार नाही, असे सांगून तो डोळे मिटून बसला. मग एका क्षणी गर्दीतून प्रचंड आरोळी उठली आणि त्याने डोळे उघडले. त्यानंतर तो ते बंद करू शकला नाही. तो ओरडला, धुंद झाला, आणि पुढच्या वेळी इतरांना घेऊन स्वतःहून आला. अलिपियसला आधी दिसले ते रक्त नव्हते. त्याला आधी ऐकू आली ती आरोळी. काहीतरी घडले आहे आणि ते माझ्याकडून निसटते आहे, या जाणिवेने त्याचे डोळे उघडले, आणि हे वाचताना तो माणूस मला फार जवळचा वाटला.

मग असे चित्रपट काढूच नयेत का, या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. ते काढावेत, कोण काढतो आणि कुठे थांबतो यावर सारे अवलंबून आहे. किंजी फुकासाकू यांनी २००० साली 'बॅटल रॉयल' केला तेव्हा ते सत्तरीला आलेले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात, पंधरा वर्षांचे असताना, ते दारूगोळ्याच्या कारखान्यात राबत होते. तोफांच्या माऱ्यात सोबतची मुले मेली आणि जे वाचले ते मेलेल्यांच्या आडोशाने वाचले. त्यांच्या चित्रपटात एका बेटावर सोडलेली शाळकरी मुले एकमेकांना मारतात आणि प्रत्येक मृत्यूनंतर पडद्यावर अक्षरे येतात: मुलाचा क्रमांक, त्याचे नाव, आणि किती उरले तो आकडा. क्रमांक आणि आकडा खेळाचा आहे. नाव मात्र, असे मला मनापासून वाटते, त्या कारखान्यातून आलेले आहे.

मी पाहिलेल्या चित्रपटाचा दिग्दर्शक फुकासाकूंच्या योग्यतेचा नाही. त्याच्या चित्रपटात धावपळ फार आहे आणि शेवटचा स्फोट अनावश्यक आहे. पण त्याने एक प्रसंग मन लावून केला होता, आणि नेमका तोच मी ओलांडून गेले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो लावला. या वेळी हातातले रिमोट मी लांब ठेवले.

म्हाताऱ्याची दाढ दुखत होती. खेळात झालेली ती जखम नव्हती. बाहेरच्या जगातून येताना तो ती सोबत घेऊन आला होता. कोणत्या बाजूची, असे मुलीने विचारले. त्याने गालाला बोट लावून दाखवले. तिच्याकडे देण्यासारखे काहीच नव्हते. तिने इकडेतिकडे पाहिले, मग पाठीमागच्या काँक्रीटच्या भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती. तळहात चांगला गार होईपर्यंत तिने तो भिंतीवर दाबून धरला आणि मग त्याच्या गालावर ठेवला. हात कोमट झाला की पुन्हा भिंतीवर, पुन्हा गालावर. मध्येच चित्रपट काही क्षणांसाठी कंट्रोल रूममध्ये जातो. मॉनिटरच्या सर्वांत खालच्या रांगेत, कोपऱ्यात, ती दोघे अंगठ्याच्या नखाएवढी दिसत असतात. सातकडे काय चाललंय, असे दिग्दर्शक विचारतो. काही नाही, बसलेत नुसते, असे उत्तर येते. मग चारवर जा, असे तो म्हणतो, आणि मोठ्या पडद्यावर दुसऱ्या दालनातली मारामारी येते. कार्यक्रम पाहणारे ते लक्षावधी लोक तिकडे जातात. चित्रपट जात नाही. तो पुन्हा भिंतीपाशी परततो आणि तिथेच थांबतो.

आता कमी वाटतंय, असे म्हातारा म्हणाला. त्याला खरेच बरे वाटत होते की तिचा हात दुखेल म्हणून तो तसे म्हणाला, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. तिने ऐकले नाही. मी मोजत होते. तिने दहा वेळा हात गार करून त्याच्या गालावर ठेवला. अकराव्या वेळी भोंगा वाजला, तेव्हा तिचा हात अजून भिंतीवरच होता.